काकवी घातलेली कोबीची पेटी

सायमी तिर्कोनेनला कमी बोलायची सवय होती आणि मला जास्त. त्यामुळे आमचं चांगलं जमलं. कुसेला गावातल्या मोठ्या शेतमालकाने गोठ्यात काम करणाऱ्या बायांसाठी एक लाल लाकडी चाळ बांधली होती, तीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. मधली भिंत इतकी पातळ की तिच्याकडे कॉफी उकळली की माझ्या नाकाला आधी कळायचं. मी दिवसभर तिला काहीबाही सांगत असायचे आणि ती "हं" म्हणायची. कधी तो "हं" लांब असायचा, कधी आखूड, आणि त्यावरून तिच्या मनात काय आहे ते मला बरोब्बर समजायचं. आता ती नाही, म्हणून तिच्या वाटचंही मीच बोलते.

तिचा नवरा ताउनो युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात गेला. मुलगी रायली तेव्हा पाळण्यात होती. सायमी रडली असेल तर गोठ्यात गाईंपुढे रडली असेल, माझ्यापुढे नाही. पुढे युद्ध लांबत गेलं आणि खायची मारामार झाली. आम्ही दोघी पहाटेपासून बादल्या भरभरून दूध काढायचो, पण ते दूध आमचं नव्हतं, ते मोजून बाहेर जायचं. रायलीचे पाय काड्यांसारखे झाले, छातीत खोकला बसला. तेव्हा सगळीकडून एकच सांगणं होतं की मुलांना शेजारच्या स्वीडनमध्ये पाठवा, तिकडे युद्ध नाही, पोटभर खायला आहे, सगळं निवळलं की परत आणू. आमच्या फिनलंडमधल्या हजारो आयांनी काळजावर दगड ठेवून मुलं गाडीत बसवली. सायमीनेही बसवली. तीन वर्षांची पोर, गळ्यात नावाचा पुठ्ठा बांधलेला.

"तिला विचारलंस का, जायचंय का म्हणून?" मी सायमीला म्हणाले.

"तीन वर्षांच्या मुलीला काय विचारायचं?" ती म्हणाली. पुढे जन्मभर तिला हेच वाक्य खात राहिलं.

रायली परत आली तेव्हा सात वर्षांची झाली होती. पानगळीचे दिवस होते. सायमीने अंगावरचा गोठ्याचा वास जावा म्हणून आदल्या संध्याकाळी सौनात, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, इतकं अंग घासलं होतं की मान लाल झाली होती. तिला धीर द्यायला म्हणून मीही स्टेशनवर गेले. गाडीतून एकेक मूल उतरत होतं आणि फलाटावरच्या बाया त्यांच्या गळ्यातले पुठ्ठे वाचत होत्या. आपलंच मूल पुठ्ठा वाचून ओळखायचं, अशी वेळ होती. रायली गुबगुबीत झाली होती, निळा कोट, पायात चांगले चामड्याचे बूट. तिला आमच्या भाषेतलं अक्षरही येत नव्हतं. सगळं पुसून गेलं होतं.

गाडीत सोबत असलेल्या बायांनी मुलांकडून वाटेत एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: 'नमस्कार, आई.' आता आमच्या भाषेत आईला 'ऐती' म्हणतात आणि मावशीला 'तॅती'. सुरुवातीला एक 'त' चिकटला की आईची मावशी होते. आणि आमच्याकडची पोरं कुठल्याही मोठ्या बाईला मावशीच म्हणतात. दोन दिवस गाडीत रायलीने पाणी देणाऱ्या बाईला मावशी म्हटलं, शाल देणाऱ्या बाईला मावशी म्हटलं. मग फलाटावर सायमीपुढे येऊन तिने गुडघे वाकवून नमस्कार केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "नमस्कार, मावशी."

सायमी म्हणाली, "नमस्कार." आणि तिची पेटी उचलली.

मी वाटेतच तिच्या कानाशी लागले. "अगं, चुकली ती. सांग ना तिला. आत्ताच सांगितलंस तर लगेच सुधारेल."

"दमलीय ती," सायमी म्हणाली. "उद्या बघू."

तो उद्या काही उजाडला नाही.

घरी त्या दिवशी कोबीची पेटी केली होती. आमच्याकडे त्या पदार्थाचं नावच तसं आहे, कारण तो पेटीसारख्या खोल भांड्यात भरून भट्टीत भाजतात. काही अवघड नाही त्यात. कोबी चिरून लोण्यावर मऊ करायचा. गाईच्या मांसाचा खिमा कांद्याबरोबर परतायचा. शिजवलेले जव घालायचे, मीठ, मिरी, चिमूटभर मरवा. सगळं एकत्र करून भांड्यात दाबायचं, वरून मांसाचं पाणी ओतायचं आणि भट्टीत ठेवून विसरून जायचं. कडा काळपट झाल्या की झाली. बाजूला रानातल्या लाल आंबट फळांचा मुरंबा. पण युद्ध नुकतंच संपलं होतं, मांस कुपनावर मिळायचं. सायमीने महिनाभर मांसाला हात न लावता कुपनं राखून ठेवली होती, या एका जेवणासाठी.

रायलीने एक घास घेतला. तोंड वाकडं केलं. मग ताट लोटून ती रडायला लागली आणि एकच शब्द म्हणत राहिली, "सीरप, सीरप." आमचा शब्दही जवळपास तसाच, म्हणून कळलं. काकवी. तिकडे स्वीडनमध्ये हाच पदार्थ काकवी घालून गोड करतात. ती ज्या घरात राहिली तिथली बाई, जिला ती मम्मा म्हणायची, ती तसा करत असणार.

तेव्हा कुसेलात काकवी कुठून आणायची? साखर बघायला मिळत नव्हती तिथे काकवी. पण सायमी दुसऱ्या दिवशी गेली कुठेतरी आणि छोटी बाटली घेऊन आली. बदल्यात तिने आपली कॉफीची कुपनं दिली होती. ज्यांना आम्ही माहीत नाही त्यांना यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडच्या गोठ्यातल्या बाईने कॉफी सोडायची म्हणजे काय, हे पहाटेच्या थंडीत गाईखाली बसलेलीलाच कळेल. मी तिच्यावर तोंड सोडलं. म्हटलं, वेडी आहेस का, भुकेली झाली की खाईल ती, लाड करून ठेवशील. तर सायमीचा आखूड "हं". म्हणजे विषय संपला.

त्या दिवसापासून तिची पेटी दोन बाजूंची झाली. सायमीला स्वतःला जेवणात गोड अजिबात चालायचं नाही. म्हणून ती भांड्याच्या मधोमध कोबीचा एक जाड देठ आडवा दाबायची, बांध घातल्यासारखा, आणि फक्त एका बाजूवर काकवी ओतायची. भाजली की ती बाजू काळी, चकचकीत व्हायची. रायली ती बाजू खायची, सायमी दुसरी. मला जी मिळेल ती.

पोरगी हुशार होती. बर्फ वितळेपर्यंत आमची भाषा फडाफडा बोलायला लागली. चाळीतल्या पोरांशी भांडायची तीही आमच्याच भाषेत, आणि शिव्या तर अशा शिकली की मला नव्याने कळल्या. आता तिला आई आणि मावशी यांतला फरक चांगला ठाऊक होता. तरी सायमीला ती मावशीच म्हणत राहिली.

मे महिन्यात मातृदिन आला. त्या दिवशी आमच्याकडे मुलं सकाळी रानातून पांढरी फुलं आणतात, आई झोपेतून उठायच्या आत तिच्या बिछान्याशी कॉफी नेऊन देतात. मुलं बाहेर पडली की आया जाग्या असूनही डोळे मिटून पडून राहतात. सायमीही पडून राहिली. मी आमच्या दारात उभी होते, तिचं दार उघडंच होतं. रायली ओले पाय घेऊन फुलांचा गुच्छ सांभाळत आली. कॉफी नव्हती, भाजलेल्या जवाचं कडू पाणी होतं, तेच तिने कपात ओतलं. बिछान्यापाशी उभी राहिली. त्या दिवशी म्हणायचं वाक्य असं आहे की त्यात आई हा शब्द येतोच, टाळताच येत नाही. पोरीने फुलं पुढे केली आणि म्हणाली, "शुभ सकाळ, मावशी."

"किती छान फुलं," सायमी म्हणाली आणि ते कडू पाणी पिऊन टाकलं.

मला मूलबाळ नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या मुलांना सरळ करायची मला फार हौस. मी रायलीला विहिरीपाशी गाठलं. "काय गं, आई म्हणायला जीभ झडते का तुझी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. म्हणाली, "आई म्हटलं की मग इथंच राहावं लागेल."

तिच्या डोक्यात असं होतं की मम्मा कधीतरी न्यायला येईल, आणि तोवर हा शब्द तोंडातून गेला नाही म्हणजे झालं. मी बादली भरली आणि परत आले. सायमीला सांगावं की नाही या विचारात होते, तर तीच म्हणाली, "एल्मा, तिला काही म्हणू नकोस. मी तिला न विचारता पाठवली, मग न विचारता परत आणली. निदान मला काय म्हणायचं ते तरी तिचं तिला ठरवू दे."

एवढं लांब ती त्या सबंध वर्षात बोलली नसेल.

"आणि कधी म्हणालीच नाही तर?" मी विचारलं.

"म्हणेल," सायमी म्हणाली. मग तिने खालच्या आवाजात जोडलं, "म्हणावं असं फार वाटतं गं."

मम्मा न्यायला आली नाही. रायलीच अठरा वर्षांची झाल्यावर स्वतः निघून गेली. तिकडे कामाला लागली, लग्न केलं, मुलं झाली. मन मात्र चांगलं तिचं, ते कबूल करायला हवं. दर उन्हाळ्यात यायची, सायमीसाठी लोकरीची जाकिटं आणायची, खिडक्या रंगवून द्यायची, सरपण फोडून रचून ठेवायची. वाईट वागली असती तर मला तिच्याशी भांडता तरी आलं असतं. पण इतक्या वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडात बसतच नव्हता. आता तिला म्हणायचा असावा, मला दिसायचं. एखादं वाक्य सुरू करायची आणि हाकेच्या जागी अडखळायची. मुलं आजी म्हणायची, तर त्यांच्या आडून तीही "आजी, मीठ द्या" म्हणून वेळ मारून न्यायची. आणि मुलं अंगणात गेली की पुन्हा मावशी.

सायमीच्या पेटीतला बांध मात्र गेला. रायली गेल्यावर पहिल्या खेपेला मी बघितलं, तिने सगळ्या भांड्यावर काकवी ओतली होती.

"आता कोणासाठी?" मी म्हणाले. "तुला तर गोड गिळवत नाही."

"हं," ती म्हणाली. तो लांब होता. आणि तिने ती गोड पेटी खाल्ली, एकटीने, पुढची कितीतरी वर्षं. तो एक वेडेपणा मी तिला कधी सोडायला लावू शकले नाही.

आम्ही म्हाताऱ्या झालो. गोठा यंत्रांवर चालायला लागला, चाळ पाडली. गावाने म्हाताऱ्यांसाठी छोटी घरं बांधली, त्यांत मी भांडभांडून सायमीशेजारचं घर मिळवलं. पण तिची स्मरणशक्ती तोवर विरायला लागली होती. आधी भांडी चुकीच्या जागी गेली, मग माणसं. मला ती ओळखायची, बहुतेक माझ्या बडबडीवरून. पहाटे उठून दूध काढायला निघायची आणि मी तिला दारातून वळवायचे. रायलीच्या गोष्टी निघाल्या की पोर नुकतीच शाळेत गेलीय असं बोलायची. फोनवर रायलीचा आवाज आला की मात्र तिला नीट कळायचं. रायली तिकडून पहिला शब्द "मावशी" म्हणायची ना.

एका पानगळीत रायली न कळवता आली. स्वतःही पन्नाशीजवळ आलेली, केस पांढरे व्हायला लागलेले, जाड चष्मा. मागच्या उन्हाळ्यात आली नव्हती, तिकडे मम्मा अंथरुणाला खिळली होती. सायमीने दार उघडलं, तिला नीट न्याहाळलं आणि आदराने म्हणाली, "या, बसा. तुम्ही त्या नगरपालिकेकडून मदतीला आलेल्या का?"

मी रायलीला माझ्या घरी नेलं आणि कॉफी दिली. तिने कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"मम्मा गेली," ती म्हणाली. "आता कोणाला वाईट वाटायचं राहिलं नाही. एल्मामावशी, या वेळी मी तिला आई म्हणणार आहे. त्यासाठीच आले."

"मग म्हण की. कोण अडवतंय?" मी म्हणाले. मला रागही आला होता आणि रडूही.

"दारातच म्हणणार होते. पण तिने मला बसा म्हटलं." तिने कप खाली ठेवला. "आधी पेटी करते. तिच्या पद्धतीची. पहिल्या दिवशी तिने माझ्यासाठी केली होती आणि मी लोटून दिली, तशी. काकवी न घालता."

म्हणजे तिला आठवत होतं. इतकी वर्षं मी समजत होते की पोर विसरली असेल.

मग सायमीच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी लागलो. सायमी खिडकीपाशी बसून बर्चच्या झाडांच्या पिवळ्या पानांकडे बघत होती. रायलीने कोबी चिरला, अगदी बारीक, आणि लोण्यावर टाकला. मी म्हटलं, इतका बारीक नको, ती जाडच चिरायची. तर ती म्हणाली, "माहितेय," आणि उरलेला कोबी जाड चिरला. खिमा आता दुकानात हवा तेवढा मिळतो, तिने भरपूर आणला होता. जव मी माझ्याकडचे दिले, रायलीने तांदूळ आणले होते ते परत पिशवीत टाकायला लावले. मरवा तिने हातात चोळून घातला आणि वास घेतला. घरभर तो वास पसरला तेव्हा सायमीने मान वळवली आणि म्हणाली, "कोणी पाहुणे यायचेत का?"

"हो," रायली म्हणाली.

पेटी भट्टीत होती तोवर ती ओट्याला टेकून उभी होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. मी ऐकलं. तो एकच शब्द होता. लहानपणी गाडीतल्या बायांनी पाठ करून घेतला होता तसा ती आता स्वतःकडून पाठ करून घेत होती. मला तिची इतकी दया आली की मी तोंड फिरवून उगाच भांडी घासली.

टेबलावर तिने चांगली चादर घातली, लाल मुरंबा काढला. सायमीच्या ताटात काळपट कडेचा तुकडा वाढला, तो तिला आवडायचा. सायमीने एक घास खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा, भराभर, भूक लागलेल्या माणसासारखा. किती वर्षांनी तिच्या तोंडात तिच्या चवीचं अन्न गेलं होतं.

"फार छान झालीय," ती म्हणाली. "तुम्ही केलीत?"

"हो," रायली म्हणाली. तिने टेबलाची कड धरली होती. "हो, आई. मी केली."

मी इतकी वर्षं त्या शब्दाची वाट बघत होते, सायमीपेक्षा माझीच घाई जास्त होती. तो आला, आणि सायमीने काटा खाली ठेवला. रागावली नव्हती, अवघडली होती, एखाद्या परक्या माणसाने जास्तच जवळीक दाखवावी तशी.

"तसं नका म्हणू," ती हळूच म्हणाली. "तुम्ही चांगल्या आहात, पण मला एक मुलगी आहे. ती मला मावशी म्हणते."

"आई नाही म्हणत?" रायलीने विचारलं.

"अजून नाही. म्हणेल. मी तिला न विचारता पाठवलं होतं ना, म्हणून वेळ लागतोय." सायमीने तिच्या हातावर थोपटलं. "तो शब्द तिच्यासाठी ठेवलाय मी. दुसऱ्या कोणी वापरलेला बरा नाही. तिला कळलं तर वाटेल, आपली जागा गेली."

मी, जिच्या तोंडाचा पट्टा गावात कोणी थांबवू शकलं नाही, ती मी म्हणणार होते, अगं ही तीच आहे, बघ नीट. पण रायलीने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

सायमी आता भांड्यात वाकून बघत होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यात काकवीची बाजू कुठंय? ती आली तर काय खाणार? हे नाही खायची ती, रडेल." आणि ती उठायला लागली, खुर्चीला धरून, घाबरीघुबरी.

रायलीने चष्मा काढला, डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा लावला. मग स्पष्ट आवाजात, फलाटावर म्हणाली होती तसं, म्हणाली, "नमस्कार, मावशी."

सायमीने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरची ती सगळी अवघडलेली अदब एकदम गेली. "रायली," ती म्हणाली. "अगं, आलीस कधी? बस बस. दमली असशील, गाडीत जागा मिळाली का?"

"मिळाली, मावशी."

"थांब, तुझी बाजू राहिलीच बघ." तिने कपाटातून काकवीची बाटली काढली. स्वतःच्या घराचं दार चुकायची ती अलीकडे, पण त्या बाटलीवर तिचा हात बरोबर पडला. मग तिने रायलीच्या ताटावर ती तिरकी धरली आणि काळी धार कोबीवर, खिम्यावर सावकाश पडत राहिली.

"पुरे का?" तिने विचारलं.

"अजून थोडी, मावशी," रायली म्हणाली.